शेवटी आलेल्याची पाळी

३ सप्टेंबर १९८३

आले बाई एकदाची एल्डर्सकोटला! सामानवाल्यांनी मोठं कपाट जिन्यात अडकवलं, दोनदा माफी मागितली, तीनदा चहा घेतला आणि शेवटी ते जिन्याखालीच उभं करून निघून गेले. राहू दे तिथेच. माझे कोट खालीच टांगेन.

घर छोटं आहे, पूर्वी शाळामास्तरांचं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चर्चच्या आवाराचं फाटक दिसतं. वर लाकडी छप्पर आणि दोन बाजूंना बसायला दगडी कट्टे. पलीकडे कलत्या थडग्यांच्या रांगा आणि एक म्हातारा यू वृक्ष. तीस वर्षं जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जुने कागद चाळण्यात गेली, आता जुन्या कागदांच्या गावातच राहायला आले. लेस्टरला राहणारी भाची म्हणाली, मावशी, तिथे तू कंटाळून मरशील. मी म्हटलं, माझं वय चौसष्ट आहे, कशाने तरी मरायचंच आहे.

डेझमंडच्या अस्थींचा डबा चहाच्या डब्याशेजारी ठेवला. जमत होतं तोवर सकाळचा चहा त्यानेच केला, तेव्हा ती जागा त्याचीच.

८ सप्टेंबर

रेव्हरंड टिमिन्स येऊन गेले. बिचाऱ्यांकडे पाच गावांची चर्चं आहेत, त्यामुळे चहाचा शेवटचा घोट ते नेहमी उभ्यानेच घेतात. आमच्या चर्चचं छत गळतंय. गावाच्या इतिहासाची एखादी पुस्तिका काढून विकावी असं त्यांच्या मनात आहे. माझं दप्तरखान्यातलं पूर्वायुष्य त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. मी आढेवेढे घेतले, पण ते तोंडदेखले होते हे त्यांनीही ओळखलं. संध्याकाळपर्यंत दफनाच्या जुन्या नोंदवह्यांचे तीन गठ्ठे माझ्या टेबलावर होते.

अंधार पडायच्या सुमारास एक उंच, वाळकी म्हातारी थर्मास घेऊन फाटकापाशी आली. कट्ट्यावर बसली, दोन पेले भरले, एक स्वतः प्यायली आणि दुसरा समोरच्या कट्ट्यावर तसाच ठेवला. वीस मिनिटांनी तो गवतात ओतून घरी गेली. रोज येते, आणि त्याच सुमारास कुठलंसं पाखरू शीळ घालतं. चर्चची झाडलोट करते ती डॉर्कसबाई फेनिमोर हीच.

१५ सप्टेंबर

आज नोंदवहीत घबाड सापडलं! १७८८ सालच्या मार्चमध्ये इथे एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या. दोन्हीकडचे खांदेकरी फाटक दिसताच शवपेट्या घेऊन धावत सुटले, फाटकात हाणामारी झाली आणि एक पेटी चरात पडली. त्या वेळच्या पाद्र्याने समासात लिहून ठेवलंय, ‘लाज वाटली पाहिजे.’

याचं कारण ‘नांगर’ या आमच्या दारूगुत्त्याचा मालक अल्फ स्टॅनियन याने सांगितलं. या गावची समजूत अशी की, सगळ्यात शेवटी पुरलेल्या माणसाने आवाराचं फाटक राखायचं. आतले सगळे निजतात, तो एकटा जागा. पुढचं माणूस यायची वेळ झाली की त्याने त्या माणसाला नावाने हाक मारायची, ते आलं की हा सुटला. म्हणून तर आपली पेटी आधी आत नेण्याचा हट्ट! पहिल्याला दोन तासांत सुट्टी, दुसरा कोण जाणे किती वर्षं उभा. मी विचारलं, सध्या कोणाची पाळी आहे? अल्फ गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘आमच्या विल्फ फेनिमोरची. एक्कावन्न सालापासून. त्याच्यानंतर जागा संपली आणि आवार बंद झालं. आता सगळे शहराजवळच्या नव्या दफनभूमीत जातात. पण विल्फचं काही अडत नाही हो, मेंढपाळच तो. माणसांपेक्षा पावसाची सवय जास्त.’

डॉर्कसबाईंचा थोरला भाऊ. म्हणजे तो दुसरा पेला त्याचा. किती गोड! पुस्तिकेच्या अकराव्या पानावर चौकटीत घालते.

२५ सप्टेंबर

आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. दिवसभर काहीच सुचलं नाही.

खरं काय ते निदान इथे तरी लिहावं. शेवटच्या चार वर्षांत डेझमंडचं मन एकेक खोली बंद करत गेलं. आधी तारखा गेल्या, मग रस्ते, मग माणसं. माझं नाव त्याने शेवटच्या दोन वर्षांत एकदाही घेतलं नाही. मला ‘अहो बाई’ म्हणायचा, आणि ते इतक्या अदबीने की रडू यायचं. एकटं राहायची त्याला फार भीती. मी न्हाणीघरात गेले तरी दाराबाहेर उभा राहायचा. शेवटचे अकरा महिने मी त्याला वृद्धाश्रमात ठेवलं, कारण माझ्याने होईना. मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता जायचे. निघताना तो बाही धरायचा, तेव्हा ‘आलेच हं’ म्हणून सोडवून घ्यायचे. आलेच हं, आणि थेट बसच्या थांब्यावर.

तो गेल्यावर तिथल्या परिचारिकेने माझं सांत्वन करावं म्हणून सांगितलं की तो रोज, सातही दिवस, चारपासून काचेच्या दाराशी उभा असायचा. तिने ते चांगल्या मनाने सांगितलं होतं.

त्याला डब्यात किती दिवस ठेवायचं? तो यू वृक्ष त्याला आवडला असता. ठरलं. त्याला इथेच पुरायचं, मला दिसेल असं.

२ ऑक्टोबर

लोक मोठे गमतीचे आहेत. टिमिन्सना विचारलं तर म्हणाले, अस्थींना जागा थोडी लागते, बिशपच्या कचेरीची परवानगी मिळूही शकेल, फक्त गावात जरा बोलून घ्या. बोलले. कुणी ताकास तूर लावू देईना. अल्फ म्हणाला, कल्पना सुंदर आहे, पण शहराजवळ गुलाबांची बाग केलीय तीही काही वाईट नाही. टपालकचेरीतल्या बाई म्हणाल्या, यूच्या मुळांचा फार त्रास होतो असं ऐकलंय. डॉर्कसबाई तर माझ्यासाठी आल्याचा केक घेऊन आल्या, तासभर बसल्या, हवेबद्दल बोलल्या, आणि दारात वळून एवढंच म्हणाल्या, ‘तुमच्या मिस्टरांना एकटं राहायची सवय होती का हो?’

मी म्हटलं, सवय कोणाला असते?

समजायचं ते समजले. महिनाभरापूर्वी आलेल्या शहरी बाईचा नवरा यांच्या आजोबा-पणजोबांच्या शेजारी नको. सरळ बोलायला मात्र जीभ रेटत नाही. मीही दप्तरखान्यात आयुष्य काढलंय. अर्ज कसा लिहायचा ते मला कुणी शिकवू नये.

२० ऑक्टोबर

परवानगी आली! यूच्या पूर्वेला हातभर जागा. दोन डब्यांपुरती, ‘पती व पश्चात पत्नी’, अशी मीच मुद्दाम मागितली होती. यापुढे आवार कायमचं बंद, असंही खाली ठसठशीत लिहिलंय. म्हणजे शेवटची जागा आम्हीच पटकावली. मनातल्या मनात जरा मिरवून घेतलं.

१२ नोव्हेंबर

झालं. थंडी होती, पण ऊन पडलं. मला वाटलं होतं कुणी येणार नाही, तर सगळं गाव आलं, काळे कोट घालून, ताटंच्या ताटं सँडविच घेऊन. टिमिन्सनी प्रार्थना छान म्हटली. डबा खाली ठेवताना मी त्याला हळूच सांगितलं, आता तुला कुठे जायचं नाही, कुणाची वाट पाहायची नाही.

एकच खटकलं. डॉर्कसबाई आत आल्याच नाहीत. फाटकाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. नंतर वाकून त्या दांड्याशीच काहीतरी बोलल्या, दांड्यावरून हात फिरवला आणि चहाला न थांबता गेल्या.

१७ नोव्हेंबर

पाच दिवसांत थर्मास आला नाही. आज मीच त्यांच्याकडे गेले. दोन्ही पेले धुऊन फळीवर पालथे घातलेले होते.

मी म्हटलं, तब्येत बरी नाही का? त्यावर त्या इतकं बोलल्या की आजवर मिळून बोलल्या नसतील. विल्फ गेला, म्हणाल्या. बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी मेंढ्यांना घालायचा तशी शीळ घालायचा, तुम्ही शहरच्या, तुम्हाला ती पाखराची वाटली असेल. बाराव्या तारखेपासून शीळ नाही. सुटला बिचारा. ‘तुमचे आभार मानू की तुम्हाला शिव्या घालू, हेच कळत नाही मला. माझ्यापाशी तेवढाच होता तो.’

मी ओशाळून म्हटलं, तुम्ही मला आधीच स्पष्ट का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, ‘नवरा गेलेल्या बाईला कोण सांगणार असलं तोंडावर? आडून आडून सगळ्यांनीच सांगितलं की. तुम्हाला कळलं नाही.’

परत येताना स्वतःला समजावलं. म्हातारी आहे, एकटी आहे. पण खरोखरच, ते संध्याकाळचं पाखरू गेल्या पाच दिवसांत ओरडलेलं नाही.

२३ नोव्हेंबर

अल्फ टोपी हातात घेऊन मागच्या दाराशी उभा. नमनाला घडाभर तेल झालं, छत, हवा, माझी पुस्तिका. मग म्हणाला, काल दुपारी साडेतीनला दूधवाल्याला फाटकात एक गृहस्थ भेटले. तपकिरी ड्रेसिंग गाऊन, पायात सपाता, डावी उजव्यात आणि उजवी डाव्यात. त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, चार वाजले का? माझं माणूस चारला यायचंय.

शेवटी शेवटी तो सपाता अशाच उलट घालायचा, हे मी इथे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नाही.

२७ नोव्हेंबर

मी गेले. रविवारची प्रार्थना संपून सगळे पांगले होते. चारला दहा कमी असतील. कट्ट्यावर कुणी नव्हतं. मी वळले, आणि मागून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला मी अडतीस वर्षं भिंतीपलीकडून ओळखत आले आहे.

तो छपराखाली उभा होता. दांड्याला धरून. हनुवटीवर दाढी करताना राहिलेला तोच पट्टा. माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर ते हसू आलं, अनोळखी माणसाला त्रास देताना यायचं ते. ‘अहो बाई, जरा विचारतो हं. चार वाजले का?’

मी म्हटलं, डेझमंड, मी आहे.

तो म्हणाला, ‘हो का? बरं झालं. तुम्ही तिला पाहिलंत का कुठे? तिचं नाव... आत्ता होतं तोंडात.’

मी हात पुढे केला. त्याने बाही धरली. त्याची बोटं कोटातून आत हाडापर्यंत गार लागली. मी— मी सोडवून घेतली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘आलेच हं.’

घरी येईपर्यंत मी पळत होते.

१ डिसेंबर

दंडावर चार बोटांचे पांढरे वळ आहेत. दुखत नाहीत. तिथे काहीच लागत नाही, सुईसुद्धा.

डॉर्कसबाईंना दाखवले. त्या आता रागावलेल्या नाहीत, तेच जास्त भयंकर वाटतं. त्यांनी मला जवळ बसवलं आणि या वेळी अगदी सरळ सांगितलं. आवारात जागा उरलीय ती एकच, माझी. म्हणजे त्याला सोडवणारं माणूस एकच. तो हाक मारील ती मलाच. पूर्ण नावाने हाक आली की माणूस उरत नाही, त्यांच्या आजीच्या वेळी तीन दिवससुद्धा उरलं नव्हतं. ‘तुमचं नशीब म्हणा, त्यांना नावच आठवत नाही.’ आणि आठवायच्या आत गाव सोडा. वेशीबाहेर हाक पोचत नाही.

मी विचारलं, आणि मी गेले तर त्याचं काय?

त्यांनी माझ्या पेल्यात चहा ओतला.

६ डिसेंबर

तो नावं शोधतोय.

खिडकी बंद असली तरी ऐकू येतं. साडेतीनपासून सुरू होतं. पहिल्यांदा त्याच्या आईचं नाव. मग बहिणीचं. मग त्या परिचारिकेचं. प्रत्येक नाव घेऊन थांबतो, कुणी ओ देतंय का बघतो. मग म्हणतो, नाही, ही नव्हे.

लोक आता आवाराची भिंत पडलीय तिथून ये-जा करतात. माझ्या दारात अंडी, पाव, मटणाचं सूप ठेवून जातात.

११ डिसेंबर

टिमिन्सना म्हटलं, डबा उकरून काढा. म्हणाले, नवी परवानगी लागेल, महिने जातील. मग खाली बघत म्हणाले की फार पूर्वीच्या एका पाद्र्याने एकदा तसं केलं होतं, आणि पेटी गेली तरी उभा राहणारा तिथेच उभा राहिला, फक्त कुठे झोपायचं ते त्याला कळेना.

चहा न संपवताच गेले.

१५ डिसेंबर

आज पाऊस. तो भिजत उभा होता, छप्पर असून बाहेर, रस्त्याकडे तोंड करून. वृद्धाश्रमातही असाच— काचेपाशी— मला बसमधून दिसायचा. दिसायचा मला. मी तिकडे तोंड फिरवून बसायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आज ‘ऑ’पासून सुरू होणारी नावं घेत होता. ऑलिव्ह. ऑगस्टा.

१८ डिसेंबर

अल्फने सांगितलं, एकवीसला दुपारी साडेतीनला गाडी घेऊन येतो, लेस्टरला भाचीकडे सोडतो, वाद नको. मी हो म्हटलं. मला मरायचं नाही. पहिल्या दिवशी चेष्टेने लिहिलं होतं ते— नाही, मला मरायचं नाही. मला भीती वाटते. त्याची नाही. त्या फाटकाची. माझ्यामागे कुणीच येणार नाही. आवार बंद आहे, मीच बंद करून घेतलं. जो उभा राहील तो कायमचा.

आणि आत्ता उभा आहे तो.

२० डिसेंबर

बॅग भरली. पुस्तिकेचे कागद टेबलावर ठेवले. अकराव्या पानावरची चौकट खोडली.

संध्याकाळी— ऑड— एवढंच. मग खोकला. मग म्हणाला, ‘माफ करा हं, आत्ता होतं तोंडात.’

रात्रभर उशी कानावर.

२१ डिसेंबर

तीन वीस. अल्फ लवकर आलाय, गाडी चालूच ठेवलीय. बॅग दाराशी. कोट घातलाय. डावा हात खांद्यापर्यंत पांढरा.

मी निघते आहे. निरोपाला जाणार नाही. गेले तर तेच म्हणेन, आलेच हं, आणि तो खरं मानेल. नेहमी मानायचा.

तीन पस्तीस. अल्फ भोंगा वाजवतोय. मी अजून टेबलाशी.

दोन वर्षं मी त्या एका हाकेसाठी— त्याने कधीतरी, चुकून तरी— रोज जाताना वाटायचं, आज म्हणेल. आज

तीन चाळीस. खिडकीतून दिसतोय. सपाता काढून नीट जोडीने ठेवल्यात. केसांवर पाणी लावून भांग पाडलाय. मी यायची असायचे तेव्हा पाडायचा तसा.

हाक आली.

‘ऑड्री. ऑड्री, आलीस का गं?’

पूर्ण नाव. ‘अहो’ नाही, ‘बाई’ नाही. माझा डेझमंड. चेहरा असा उजळलाय की— भीती आहे, पण तो हसतोय, आणि तो मला ओळखतो—

अल्फ, बॅग भाचीला द्यावी. यूच्या पूर्वेला, त्याच्या शेजारी, परवानगीचा कागद खणात आहे. डॉर्कसबाईंना सांगा, जमलं तर संध्याकाळी थर्मास. वाट पाहायला लावणारी मी होते, आता पाहीन. त्याला झोपू द्या.

पुन्हा हाक. दाराची कडी मी काढते आहे. डेझमंड, आलेच हं, या वेळी खरंच आले